छत्री कोणी दिली?

'उमिनेको नो नाकु कोरो नी' या जपानी दृश्य-कादंबरीवरच्या अलीकडच्या फॅन फिक्शनमध्ये लाल अक्षरांचा, म्हणजे खोटं ठरूच न शकणाऱ्या विधानांचा, पूर आला आहे. दार आतून बंद होतं, किल्ली एकच होती, गुप्त वाट नव्हती. वाचकाने निळ्या अक्षरांत तर्क मांडायचा, लेखकाने तो लाल अक्षरांत खोडायचा आणि शेवटी एखादा दोऱ्याचा फास उत्तर म्हणून पुढे करायचा. कोडं सुटतं. खुनी माणसाच्या मनात काय होतं, ते मात्र शेवटच्या परिच्छेदात उरकलेलं असतं. रियुकिशी०७ यांच्या या कृतीवर ज्यांचा जीव आहे, त्यांना हे वाचून संताप येणारच.

संतापाचं कारण मूळ कृतीतच आहे. ऑगस्ट २००७ ते डिसेंबर २०१० या काळात, दर कोमिकेट मेळ्याला एक असे तिचे आठ भाग आले. रोक्केनजिमा बेटावरचे ऑक्टोबर १९८६मधले हत्याकांडाचे दोन दिवस पुन्हा पुन्हा मांडले गेले. पण रहस्यकथेच्या इतिहासात तिला जागा मिळाली ती प्रेतांच्या मांडणीमुळे नव्हे. तिच्यात युक्ती आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, हे तिचं मोठेपण.

पहिल्याच भागातली गुलाबाची बाग आठवावी. मारिया आपला कोमेजलेला गुलाब शोधत राहते, आई रोझा चिडून तिच्या थोबाडीत मारते आणि तिला तिथेच सोडून निघून जाते. पाऊस सुरू होतो. नंतर मारिया सापडते तेव्हा तिच्या हातात छत्री असते, आणि ती आपल्याला बिअ‍ॅट्रिस या चेटकिणीने दिली असं ती सांगते. मग घरातले सगळे एकमेकांना विचारत सुटतात: छत्री कोणी दिली? कोडं म्हणून हा प्रश्न चोख आहे. पण त्याचं उत्तर एका अशा माणसापाशी पोचतं, ज्याला पावसात भिजणारं पोर दिसलं आणि राहवलं नाही. त्याच माणसाच्या, सायोच्या, डोक्यात हत्याकांडाचा बेतही शिजत होता. छत्री आणि बंदूक एकाच हातात देण्याची ही हिंमत आजच्या किती गेमबोर्डमध्ये, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या अशा कोड्यांमध्ये, दिसते?

सहाव्या भागातली मोजदादही तशीच. एरिका फुरुदो ही गुप्तहेर स्वतःला बेटावरची अठरावी व्यक्ती म्हणवते आणि लाल सत्य तिला सांगतं की तिला धरूनही माणसं सतराच. शानोन आणि कानोन या दोन नोकरांचं शरीर एकच, सायोचं, आहे, हे त्या एका आकड्यात उघड होतं. आपण नेमके कोण, हे ज्या जिवाला आयुष्यभर ठरवता आलं नाही, त्याची व्यथा त्या वजाबाकीत आहे. फॅन फिक्शनने यातून उचललं काय, तर माणसं मोजण्याची चलाखी.

याला सन्माननीय अपवाद आहेत, आणि खरी वाढ तिथेच होते आहे. नोकरांच्या खोलीत घडणाऱ्या छोट्या कथा पाहाव्यात. तिथे गेन्जी रात्रीची फेरी मारून येतो, कुमासावा थकलेल्या पोरीला हसवायला बांगड्याचा जुनाच विनोद पुन्हा सांगते. कुणी नात्सुहीच्या डोकेदुखीवर अख्खी कथा लिहितं. कुणी रोझाला मारियासाठी साकुतारो हा कापडी सिंह निवडायला पाठवतं. तो सिंह पुढे तिच्याच हातांनी फाटणार आहे हे वाचकाला ठाऊक असतं, त्यामुळे ती निवड जड होते. या कथांत एकही खून नसतो. तरी मूळ गुन्हा कसा घडला असेल, हे त्या लाल अक्षरांच्या थप्पीपेक्षा जास्त उलगडतात, कारण रोझाने मुलीला का मारलं हे कळल्यावर बागेतली छत्री वेगळी दिसू लागते.

सगळ्यांना जिवंत करून कॉफी शॉपमध्ये बसवणाऱ्या कथा गोड आहेत, पण त्यांना रोक्केनजिमाची गरजच नाही. क्रॉसओव्हरांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

गेमबोर्डवाले म्हणतील, रहस्यकथेला नियम हवेत, न्याय्य खेळ हवा. हवाच. रोनाल्ड नॉक्स यांचे १० नियम आणि व्हॅन डाइन यांचे २० नियम रियुकिशी०७ यांनी थेट पात्रांच्या हाती दिले. पण ते कसे दिले, हे बघायला नको का? व्हॅन डाइन यांनी १९२८ साली रहस्यकथेतून प्रेमप्रकरण हद्दपार करायला सांगितलं. विलार्ड हंटिंग्टन राइट हे त्यांचं खरं नाव, आणि सातव्या भागात त्याच नावाचा विल येतो तो गुन्ह्यामागचं हृदय शोधत. ते न बघता उत्तर ओरबाडणाऱ्यांवर तो भडकतो. नियमांचा धाक घालून माणसांना तुडवते ती एरिका. आजचे गेमबोर्ड विलचे नियम पाठ करतात आणि वागतात एरिकासारखे.

शिवाय दुसऱ्याच्या कथेवर कथा लिहिणं म्हणजे काय, याचं उत्तर याच कृतीने देऊन ठेवलं आहे. बाटल्यांतून सापडलेल्या हस्तलिखितांवर तिथलं जग नव्या कहाण्या रचतं, त्यांना बनावट म्हटलं जातं, आणि त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या कहाण्या हाचिजो तोयाच्या लेखणीतून येतात. तो तोया म्हणजे स्मृती गमावून वाचलेला कथानायक बॅटलर. परत आलेल्या आठवणी त्याला स्वतःच्या वाटत नाहीत, आणि तरीही तो त्या बेटाविषयी लिहितो. हे फॅन फिक्शनच आहे, आणि ते शोकातून आलेलं आहे. आठव्या भागात उलट बाजूही दिसते: बोकडांच्या तोंडाचे वाचक मनाला येतील ते तर्क फेकत सोनेरी भूमीचे लचके तोडतात. एवढं स्पष्ट मांडलेलं असताना चाहता लेखक तोयाची बाजू सोडून बोकडांच्या कळपात का शिरतो?

म्हणून पुढचा गेमबोर्ड रचणाऱ्याकडे एक मागणी आहे. किल्ल्या किती, दारं किती, हे ठरवण्याआधी त्याने त्या बागेत जाऊन उभं राहावं. पाऊस पडतो आहे, मारिया गुलाब शोधते आहे, रोझा पाठ फिरवून निघाली आहे. आपल्या खुन्याने या घटकेला काय केलं असतं, ते त्याने आधी लिहावं. ते जमलं तर मग खुशाल दार आतून बंद करावं.