दोरा दिसला म्हणून काय झाले?

जुने, कमी खर्चात काढलेले विज्ञानपट आणि भयपट चार मित्रांनी जमून पाहावेत आणि पोट धरून हसावे, हा तसा निरुपद्रवी छंद आहे. पुठ्ठ्याचे अग्निबाण, रबरी राक्षस, खोलीच्या कोपऱ्यातून हुकमी निघणारे धुके. अमेरिकेत एड वुड या दिग्दर्शकाच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटाला १९८० साली एका पुस्तकाने आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट हा मान बहाल केला आणि तेव्हापासून त्याला प्रेक्षकांची वाण पडली नाही. आपल्याकडेही दारासिंगची चंद्रावरची मोहीम किंवा रामसे बंधूंची भुताटकी आज याच हौसेने पाहिली जाते. विज्ञान शिकवणाऱ्याने या हौसेत सामील व्हायला काहीच हरकत नाही. मात्र आपण हसतो ते नेमके कशाला, हे एकदा तपासून पाहायला हवे.

बहुतेक वेळा आपण हसतो ते दोरा दिसला म्हणून. तबकडी उडते आणि तिच्या वरची तार चमकते, राक्षस वळतो आणि त्याच्या पाठीची चेन दिसते. हे हसणे स्वस्त आहे. दोरा दिसणे हा पैशाचा दोष झाला, विचाराचा नव्हे.

कोल्हापूरकराने तर दोऱ्याला हसताना जरा थांबावेच. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामे भावांनी इथे स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. पुढे दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’त भीम कीचकाचा वध करतो ते दृश्य इतके हुबेहूब उतरले, की प्रेक्षक हादरले आणि सरकारी हुकमाने ते कापावे लागले. ज्याचे शिर धडावेगळे झालेले दिसले तो नट अर्थातच धडधाकट होता. ‘प्रभात’चा १९३२ सालचा ‘माया मच्छिंद्र’ हा चमत्कारदृश्यांनी भरलेला बोलपटही कोल्हापुरातच तयार झाला. थोडक्यात, तुटपुंज्या साधनांनी डोळ्यांना फसवण्याची विद्या हा इथला जुना धंदा आहे.

आणि ही विद्या विज्ञानाची सावत्र बहीण नव्हे, सख्खी आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची दिवसागणिक चित्रे घेऊन ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म तयार केली. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दिसली. आज वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक हेच तंत्र वापरतात. चित्रे घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग वेगळा ठेवता येतो, एवढी एकच गोष्ट त्यामागे आहे. ती लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

दोऱ्याचेही तसेच. १९३७ साली विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’ या अदृश्य माणसाच्या चित्रपटात वस्तू आपोआप हवेतून फिरताना दाखवायच्या होत्या. ती कामगिरी बाबूभाई मिस्त्री या तरुणाने काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने पार पाडली, आणि त्यांना ‘काला धागा’ हेच टोपणनाव पडले. इथे एक बारीक मुद्दा आहे. दोरा बारीक असतो म्हणून दिसत नाही असे नाही. दोऱ्याच्या आणि मागच्या पडद्याच्या उजळपणात फरक नसतो म्हणून दिसत नाही. वर्गात फळ्यासमोर काळ्या दोऱ्याने खडू टांगून पाहा, मागच्या बाकांवरून खडू अधांतरी दिसेल. तोच खडू तसाच खिडकीपाशी न्या, दोरा लगेच उघडा पडेल. जुन्या चित्रपटांच्या प्रती छोट्या पडद्यासाठी उजळ करतात तेव्हा काही दोरे असेच उघडे पडतात. मिस्त्रींनी तो दोरा अंधाऱ्या चित्रगृहासाठी बांधला होता.

दुसरे हसू येते ते खेळण्यातला किल्ला कोसळताना. सहा वर्षांच्या पोरालाही तो खेळण्यातला आहे हे कळते. पण कशावरून कळते? रंगकाम बरे असते, दगडांचे सांधे काढलेले असतात, तरी फसगत होत नाही. कारण मुख्यतः एकच : किल्ला फार लवकर पडतो. वीस मीटर उंचीच्या बुरुजावरून सुटलेला दगड जमिनीवर यायला दोन सेकंद लागतात. ८० सेंटिमीटरच्या प्रतिकृतीवरून सुटलेला खडा ०.४ सेकंदात खाली येतो. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, आणि हे गणित न शिकलेल्या माणसाचा डोळाही ते जाणतो, कारण जन्मभर त्याने वस्तू पडताना पाहिल्या आहेत. प्रतिकृती पंचविसाव्या हिश्श्याची असेल तर चित्रण पाचपट वेगाने करायला हवे, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रे. मग ती नेहमीच्या वेगाने दाखवली की बुरुज रुबाबात कोसळतो. जपानच्या १९५४ सालच्या ‘गॉडझिला’त रबरी पोशाखातला माणूस पुठ्ठ्याचे टोकियो तुडवतो, तरी त्या प्राण्याला वजन असल्यासारखे वाटते, त्यात या वेगवान चित्रणाचा मोठा वाटा आहे.

मग आपल्या निर्मात्यांना हे ठाऊक नव्हते का? अनेकांना ठाऊक असणारच. पण ३५ मिलिमीटरची फिल्म एका फुटात १६ चित्रे सामावते. नेहमीच्या वेगाने मिनिटाला ९० फूट, तर पाचपट वेगाने ४५० फूट. जिथे फुटाफुटाचा हिशेब ठेवायचा तिथे बुरुज घाईनेच पडणार. शिवाय काही गोष्टी पैसा ओतूनही साधत नाहीत. टबातले वादळ घ्या. पाण्याचा थेंब किती मोठा व्हायचा हे मुख्यतः पृष्ठताण ठरवतो, आणि पृष्ठताणाला प्रतिकृतीचे प्रमाण कळत नाही. चार मिलिमीटरचा थेंब पंचवीसपट मोठा मानला की दहा सेंटिमीटरचा होतो; जहाजावर मोसंबीएवढे थेंब उडू लागतात.

यातून वर्गासाठी एक सुंदर खेळ मिळतो. असा एखादा प्रसंग लावायचा, घड्याळ धरायचे, काही पडायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून मूळ प्रतिकृतीची उंची काढायची. दिग्दर्शकाने लपवलेली गोष्ट मुले गुरुत्वत्वरणाच्या सूत्राने उघडी पाडतात. पाठ्यपुस्तकातल्या मनोऱ्यावरून टाकलेल्या चेंडूपेक्षा हे उदाहरण त्यांच्या जास्त लक्षात राहते.

आता खऱ्या हसण्याकडे वळू, म्हणजे विचाराच्या दोषाकडे. १९६७ सालच्या टी. पी. सुंदरम दिग्दर्शित ‘चांद पर चढाई’त दारासिंग चंद्रावर जातो आणि तिथे राक्षसांशी आणि परग्रहावरच्या योद्ध्यांशी झुंजतो. माणूस खरोखर चंद्रावर उतरला तो यानंतर दोन वर्षांनी, १९६९ साली. तेव्हा धाडसाबद्दल गुण द्यायला हवेत. पण ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, तिथल्या प्रेक्षकाने चंद्रावरची कुस्ती जरा चिकित्सेने पाहावी. १०० किलो वस्तुमानाचा गडी चंद्रावर भरतो पृथ्वीवरच्या साधारण १७ किलोइतका. त्याला उचलणे सोपे. पण वस्तुमान तेवढेच राहते, म्हणून अंगावर धावून येणाऱ्याला थोपवायला इथल्याइतकाच जोर लागेल. आणि तो जोर लावायचा कशाच्या आधारावर? पायाखालचे घर्षण वजनावर अवलंबून, तेही एक षष्ठांश. रेटा दिला की दोघेही मागे घसरणार. इथे अर्धा मीटर उडी मारणारा मल्ल त्याच जोराने तिथे तीन मीटर उडेल आणि खाली यायला जवळजवळ चार सेकंद घेईल; तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी बाजूला होऊन उभा राहील. हवा नसल्याने शड्डूचा आवाज कुणालाच ऐकू येणार नाही, ही तर मोठीच गैरसोय. मला या चित्रपटाचे वाईट वाटते ते एवढ्यासाठीच. पुठ्ठ्याचा चंद्र चालला असता, पण चंद्रावरची कुस्ती ही भन्नाट कल्पना हाताशी असताना निर्मात्यांनी ती पृथ्वीवरच खेळवली. विचाराला कच्ची फिल्म लागत नाही.

याउलट उदाहरण ‘मिस्टर इंडिया’चे (१९८७). हा काही गरिबीतला चित्रपट नव्हे, पण त्यातली चमत्कारदृश्ये दोऱ्याच्याच कुळातली आहेत. मनगटावरचे यंत्र दाबले की नायक अदृश्य होतो, मात्र तांबड्या प्रकाशात दिसतो. चित्रपट हा नियम सांगतो, पाळतो आणि त्यावर प्रसंग रचतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. विज्ञानकथेत अशक्य गोष्ट एकदाच गृहीत धरायची, पुढचे सारे तिच्यातून तर्काने निघायला हवे. पण दहावीच्या मुलाने इथे हात वर करावा. सूर्यप्रकाशात तांबडा प्रकाश असतोच की! मग भर दुपारी नायक अदृश्य न होता लालभडक दिसायला हवा. शिवाय प्रकाश त्याच्या आरपार जात असेल किंवा त्याला वळसा घालत असेल, तर त्याच्या दृष्टिपटलावर काहीच शोषले जाणार नाही. म्हणजे जगाला न दिसणारा हा माणूस स्वतः ठार आंधळा असेल. वेल्सच्या १८९७ सालच्या ‘इनव्हिजिबल मॅन’लाही हीच अडचण आहे. कथा एवढ्याने पडत नाही, पण शंका काढण्याची मजा कथेइतकीच आहे.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) विज्ञानपट नाही, तरी नियमांच्या कसोटीवर तो पुष्कळ विज्ञानपटांना मागे टाकतो. बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला काय करता येते, काय येत नाही आणि त्याला संपवायचे तर गोळी भुवयांच्या मध्येच लागायला हवी, हे सारे आधी ठरते आणि शेवटपर्यंत टिकते. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याची करामत तर वर्गात सांगण्याजोगी आहे. शब्दभ्रमकार आवाज ‘फेकत’ नाही. आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यावर जास्त विसंबतो, हलणारे ओठ दिसले की आवाज तिथलाच मानतो. चित्रगृहात ध्वनिवर्धक एकीकडे आणि नटाचे तोंड दुसरीकडे असूनही आपल्याला काही खटकत नाही, ते याच कारणाने.

आता रामसे बंधू. त्यांची कारागिरी मी कमी लेखणार नाही. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून त्यांनी थोडक्या पैशांत, घरच्या माणसांना घेऊन, जुने वाडे आणि रंगीत दिव्यांच्या जोरावर भीतीची एक वेगळी दुनिया उभी केली. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी पडद्यावर आला की आजही अंगावर काटा येतो. ही भूमिका करणारे अजय अगरवाल स्थापत्य अभियंता होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. सामरीचे मुंडके पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेले, या कल्पनेला तर मी मनापासून हसतो.

पण याच चित्रपटातल्या एका गोष्टीला मला हसता येत नाही. मरताना सामरी राजाच्या घराण्याला शाप देतो, की या वंशातल्या मुली बाळंतपणात मरतील. पिढ्यान्‌पिढ्या तसे घडते, आणि उपाय काय, तर सामरीचा बंदोबस्त. हा दोष दोऱ्याचा नाही, चंद्रावरच्या कुस्तीचाही नाही. घर्षणाबद्दल चुकीची समजूत घेऊन कुणी घरी गेले तर परीक्षेत दोन गुण जातील. पण बाळंतपणातल्या मृत्यूचे खापर शापावर, करणीवर किंवा सुनेच्या पायगुणावर फोडणारी घरे आपल्या आसपास होती, आणि पुरती संपली आहेत असे कुणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली करावा लागला, तो काही चित्रपटांतल्या मांत्रिकांसाठी नव्हे. ‘अहो, सिनेमाच तो’ हे उत्तर मला इथे पुरत नाही. सामरी खोटा आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला कळते. बाळंतपणात बाई शापाने मरते हे खोटे आहे, याची आठवण मात्र चित्रपट कुठेच करून देत नाही.

रामसेंचे चित्रपट शाळेत दाखवण्याजोगे नाहीत, पण ही कथा नववी-दहावीच्या वर्गात तोंडी सांगता येते. सांगून झाल्यावर विचारावे : या घराण्यातल्या स्त्रिया कशाने दगावल्या असतील? मुले आधी हसतील, मग कुणीतरी रक्तस्राव म्हणेल, कुणी जंतुसंसर्ग, कुणी वाढलेला रक्तदाब, एखादी मुलगी कोवळ्या वयात झालेले लग्न सांगेल. मग त्यांना व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहाची हकीकत सांगावी. १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंची कल्पना तेव्हा मान्य झालेली नव्हती, त्यामुळे हात धुऊन नेमके काय निघून जाते हे त्याला नीट सांगता आले नाही, आणि पुष्कळ सहकाऱ्यांनी त्याचे ऐकले नाही. ‘पुराना मंदिर’मध्ये मुंडक्याची पेटी शोधायला माणसे निघतात, सुइणीचे हात कुणी तपासत नाही.