पॅट गॅरेटकृत ‘अस्सल चरित्र’ : एक परीक्षण

ग्रंथाच्या नांवांतच ‘अस्सल’ हा शब्द घातलेला दिसला कीं कागदपत्रांची पारख करणारानें सावध व्हावें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत, सँटा फे येथें १८८२ सालीं छापलेलें ‘बिली द किड’ या पुंडाचें अस्सल चरित्र या दृष्टीनें तपासण्यासारखें आहे. कर्ता पॅट गॅरेट. यानेंच लिंकन जिल्ह्याचा शेरीफ या नात्यानें १४ जुलै १८८१ च्या रात्रीं फोर्ट समनर येथें बिलीस गोळी घातली. म्हणजे मारणारानेंच मेलेल्याची बखर लिहिली! अंधाऱ्या खोलींत दबा धरून मारिलें असा लोकापवाद उठलेला, आणि बक्षिसाचे ५०० डॉलर पदरांत पडण्यास प्रांताच्या विधिमंडळाचा ठराव लागलेला. तेव्हां लेखकाचा स्वार्थ उघड आहे.

लेखणी मात्र बहुतांशीं गॅरेटची नव्हे. रॉसवेलचा पोस्टमास्तर अ‍ॅश अप्सन, जुना वर्तमानपत्रवाला, यानें पहिलीं पंधरा प्रकरणें रचलीं असें अभ्यासक मानतात, व भाषा पाहतां तें खरें वाटतें. आईचा अपमान करणारास बारा वर्षांच्या बिलीनें ठार केलें, ही सर्वत्र पसरलेली कथा याच भागांतली. कागद निराळेंच सांगतात. आई १६ सप्टेंबर १८७४ रोजीं सिल्व्हर सिटींत वारली. बिलीच्या हातून पहिला मनुष्य मेला तो अ‍ॅरिझोनांत कॅम्प ग्रँट येथें, ऑगस्ट १८७७ मध्यें.

जन्मतिथीची गोष्ट तर फार बोधप्रद आहे. ग्रंथांत ती २३ नोव्हेंबर १८५९ अशी दिली आहे. २३ नोव्हेंबर हा खुद्द अप्सनचा जन्मदिवस! हा योगायोग असेलही. परंतु या तिथीस एकाही समकालीन कागदाचा आधार नाहीं. तिच्यावरून मृत्युसमयीं वय एकवीस ठरतें, आणि वर्षास एक याप्रमाणें एकवीस खून ही लोककथेंतील बेरीज त्यावर उभी राहते. आजचे संशोधक स्वतः मारलेले चार व इतरांसह मारलेले सुमारें पांच, इतकेच मानतात. मूळ नांव हेन्री मॅकार्टी होतें याचा पुरावा सँटा फे येथील प्रेस्बिटेरियन चर्चच्या विवाहनोंदींत आहे. १ मार्च १८७३ रोजीं आईनें पुन्हा लग्न केलें तेव्हां दोन्ही मुलगे साक्षीदार होते. चर्चच्या वहींतील ती एक ओळ आम्ही अप्सनच्या पंधरा प्रकरणांहून मोलाची समजतों.

पुंड कोणास म्हणावें, हा प्रश्न ग्रंथकारास पडलेलाच नाहीं. मर्फी-डोलन यांची पेढी फोर्ट स्टँटनच्या छावणीस गोमांस व इतर माल पुरवी. तिच्या पक्षाचा शेरीफ ब्रॅडी यानें धाडलेल्या टोळीनें इंग्रज व्यापारी टन्स्टॉल यास १८ फेब्रुवारी १८७८ रोजीं ठार केलें. टन्स्टॉलच्या माणसांनीं, बिली त्यांतलाच, गांवच्या न्यायाधीशाकडून रीतसर वॉरंटें मिळविलीं. मार्चमध्यें गव्हर्नर अ‍ॅक्सटेल यानें जाहीरनाम्यानें त्या न्यायाधीशाची नेमणूकच रद्द ठरविली. काल सरकारी हुकमानें फिरणारे आज एका कागदानें फरारी झाले. ब्रॅडीचा खून त्यानंतरचा, १ एप्रिलचा. हा क्रम नजरेआड केला तर सारा इतिहास नुसती मारामारी होतो, आणि या ग्रंथांत तसेंच झालें आहे.

पुढचा गव्हर्नर ल्यू वॉलेस, ‘बेन हर’ कादंबरीचा कर्ता, यास बिलीनें स्वतः लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. एका वकिलाच्या खुनासंबंधीं साक्ष दिल्यास खटल्यांतून सोडवूं, असें वॉलेसनें मार्च १८७९ मध्यें कबूल केलें. बिलीनें साक्ष दिली. वचन पाळलें गेलें नाहीं. मार्च १८८१ मध्यें सँटा फेच्या तुरुंगांतून त्यानें त्याची आठवण वारंवार करून दिली. अक्षर नीट, मजकूर मुद्द्याचा. अप्सनचा बिली अशीं पत्रें लिहूं शकला नसता!

संग्राहकांसाठीं एक इशारा. बिलीचें सर्वमान्य असें एकच प्रकाशचित्र, तें पत्र्यावरचें. २०११ सालीं डेन्व्हर येथें २३ लक्ष डॉलरांस गेलें. अशा चित्रांत डावें-उजवें उलटें उमटतें. तें ध्यानांत न घेतल्यानें बिली डावखोरा ही समजूत दृढ झाली, व १९५८ च्या एका चित्रपटाचें नांवच तीवर बेतलें. वस्तुतः विंचेस्टर बंदुकीचें काडतूस भरण्याचें दार उजव्या बाजूस असतें. चित्रांत तें डावीकडे दिसतें, एवढ्यावरूनच निकाल लागतो.

ग्रंथाचा शेवटचा, गॅरेटच्या स्वतःच्या बोलीतला भाग आम्ही अगदींच टाकाऊ मानीत नाहीं. त्यांतील पाठलागाचें वर्णन सरळ आहे, व बिलीचे शेवटचे शब्द स्पॅनिश होते हें तोच सांगतो. मरणोत्तर चौकशीचा १५ जुलैचा पंचनामाही स्पॅनिशमध्येंच लिहिलेला आहे. हा मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोचा. बिलीस आसरा देणारीं घरें बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्यांचीं. तरी ग्रंथांत त्या घरांची साक्ष जवळजवळ नाहीं. १९२७ सालीं फुल्टन यानें टीपांसह ग्रंथाची नवी आवृत्ति काढली, तिनें अप्सनच्या अनेक चुका दाखविल्या. पुढील संपादकानें पेकोस नदीकांठच्या त्या घरांतील स्पॅनिश कागद आधीं पहावे आणि मग अप्सनकडे वळावें.