हळद जिंकली की कागद?

हळदीच्या पेटंटची गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. "अमेरिकेने आपली हळद पळवली आणि डॉ. माशेलकरांनी ती परत आणली," असा तिचा सारांश असतो. गोष्ट स्फूर्तिदायक खरीच. पण तिच्यातला कायद्याचा धडा नेमका गाळला जातो, अशी आमची तक्रार आहे.

मुळात पेटंट हळदीवर नव्हतेच. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर होते. पेटंटसाठी शोध नवा, जाणकारालाही सहज न सुचणारा आणि उपयुक्त असावा लागतो. पहिल्याच कसोटीवर नापास व्हावा असा हा दावा मंजूर कसा झाला?

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात 'आधीपासून ठाऊक' याला दोन मापे होती. अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांच्या नुसत्या वापरात असली, तरी तो पुरावा ठरे. परदेशातला वापर मात्र जमेस धरत नसत. तिथले पेटंट किंवा छापील लिखाणच चाले. म्हणजे आपल्याकडे घरोघरी बोट कापले की हळद दाबतात, याला कायद्याच्या लेखी किंमत शून्य!

म्हणून १९९६ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिले ते कागदपत्रांच्या बळावर. त्यांत जुन्या ग्रंथांतले उतारे होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेखही होता. १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले. जिंकला तो छापील कागद, आजीबाईचा बटवा नव्हे.

१६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना ही देशाची अट उरली नाही. तरीही तोंडी ज्ञान पेटंट तपासनिसापर्यंत पोचणार कसे? भारताने २००१ मध्ये हाती घेतलेला पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर उभा आहे. ज्या वैदूचे औषध कोणत्याच ग्रंथात नाही, त्याचे काय? ते छापले, तर दुसऱ्याला पेटंट मिळणार नाही. पण ते सर्वांना खुले होईल आणि वैदूच्या हाती तेवढ्याने कोणताच हक्क येणार नाही.

पेटंट रद्द करताना कायदा "हे तुझे नाही" एवढेच सांगतो, "मग हे कोणाचे?" याला तिथे उत्तर नसते. शिक्षकांनी ही गोष्ट जरूर सांगावी, पण हा प्रश्न वर्गापुढे ठेवल्याशिवाय ती संपवू नये.