परभणीची म्हण आणि तिचे इंग्रजी

म्हणींचे इंग्रजी भाषांतर हा विषय मराठीत नवा नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1831 व 1857 च्या आवृत्त्यांत शब्दांबरोबर वाक्प्रचारांचेही इंग्रजी अर्थ आले. पुढे आल्फ्रेड मॅनवॅरिंगने केलेला मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह 1899 मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. म्हणीचे शब्दशः भाषांतर देऊन त्यास खुलासा जोडावा, ही त्याची रीत. संग्राहकास ती सोयीची आहे. परंतु कथेतील पात्राच्या तोंडी म्हण येते तेव्हा खुलाशास जागा नसते, आणि खरी परीक्षा तेथेच होते.

स्पॅनिशचे इंग्रजी करणाऱ्यांना ही परीक्षा फार पूर्वीच द्यावी लागली. सर्व्हांतेसचा सांचो पान्सा म्हणींवाचून बोलतच नाही. शेल्टनने 1612 मध्ये त्यास इंग्रजीत आणताना पुष्कळदा शब्दास शब्द ठेवला. 1700 च्या सुमारास मोट्यूने दुसरे टोक गाठून त्याच्या तोंडी लंडनची बाजारी बोली घातली. 1885 मध्ये ऑर्म्सबीने या दोघांचीही झडती घेतली; त्यातही मोट्यूविषयीचा त्याचा निवाडा अधिक कठोर आहे, आणि तो यथार्थच म्हटला पाहिजे. 'मध गाढवाच्या तोंडासाठी नव्हे' ही स्पॅनिश म्हण पाहावी. इंग्रजी भाषांतरकाराचा हात तत्काळ बायबलमधील डुकरांपुढील मोत्यांकडे वळतो. मराठी वाचकास मात्र गाढव आणि गूळ घरचेच आहेत. ही विसंगती कोणत्याही भाषेत आपोआप कळते. मग इंग्रजीत मध व गाढव राहू देण्यास हरकत कोणती? मोती आणले की शेतकरी सांचोचा धर्मोपदेशक होतो.

सर्वच म्हणी इतक्या सोप्या नसतात. परभणी जिल्ह्यात 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' हे वचन सर्वतोमुखी आहे. भाषा दखनी असली, तरी 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या मुलखात मराठी माणसास ती परकी वाटत नाही. जमले तर उत्तम, न जमल्यास परभणी आहेच, हा तिचा भाव. 'सिंक ऑर स्विम' हा इंग्रजी पर्याय वरवर जवळचा वाटतो, पण तो सर्वस्वी चुकीचा आहे. तेथे अपयश म्हणजे बुडणे. येथे अपयश म्हणजे घरी परतणे. शब्दशः भाषांतर केल्यास परभणी हे स्वर्ग की तुरुंग, हेच इंग्रज वाचकास उमगणार नाही.

पूर्णा जंक्शनवर मुंबईच्या गाडीत चढणारा तरुण ही म्हण हसत उच्चारील, तर तिच्यात धीर असेल. 'इफ इट वर्क्स, इट वर्क्स. इफ नॉट, देअर्स ऑलवेज परभणी' हे इंग्रजी तेथे शोभेल. यमक गेले, पण दिलासा राहिला. तोच तरुण वर्षभराने रिकाम्या हाताने उतरला आणि फलाटावरील ओळखीच्याने तीच म्हण त्यास ऐकवली, तर मात्र हे भाषांतर निरुपयोगी ठरते. तेथे 'सो इट्स परभणी आफ्टर ऑल' असेच काही लिहावे लागेल. एका म्हणीस ग्रंथभर एकच इंग्रजी रूप ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या भाषांतरकारास हे रुचणार नाही. त्याने 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही दुसरी म्हण हाती घ्यावी: तिचे यमक इंग्रजीतही आयते मिळते, हरवते ती बढाईमागील मिस्किली.