‘महल’मधील दोन विसंगती

गाजलेल्या चित्रपटांतील चुका हुडकणे हा अलीकडे एक स्वतंत्र छंदच होऊन बसला आहे. चित्र हवे तेथे थांबवता येऊ लागल्यापासून, मागच्या क्षणी विझलेली मेणबत्ती पुढच्या क्षणी तेवताना कोणालाही पकडता येते. आम्हां कारकून मंडळींना तर ही दृष्टी व्यवसायानेच दिलेली! धारिकेच्या तिसऱ्या पानावरील तारीख सतराव्या पानाशी जुळत नाही, हे दाखविण्याचेच आम्ही वेतन घेतो. गेल्या पौषात खरड येथील आमच्या बिऱ्हाडी, बाहेर धुक्याने समोरचे घरही दिसेनासे झाले असताना, चार मित्र ‘महल’ पाहावयास बसलो तेव्हा त्यांपैकी एकाने कागद-पेन्सिल जवळ घेतली, यात म्हणूनच नवल नव्हते. चित्रपट संपला त्या वेळी कागद भरला होता. त्यांतील बहुतेक नोंदी विसरण्याजोग्या होत्या; एक मात्र विचार करावयास लावणारी होती.

‘महल’ १९४९ साली बॉम्बे टॉकीजने पडद्यावर आणला. कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. मालाडच्या या संस्थेत पूर्वीपासून काम केलेल्या जोसेफ वीर्शिंग या जर्मन छायालेखकाने त्याला आपला काळोख दिला. काळोख म्हणण्याचे कारण असे, की येथे भीती वाटते ती दिसणाऱ्या वस्तूची नव्हे, तर प्रकाश जेथे पोचत नाही त्या कोपऱ्याची. भीषण मुखवटा नाही की रक्ताचा थेंब नाही. आहे तो एक रिकामा वाडा, एक हिंदोळा आणि दुरून येणारा एक स्वर.

कथा थोडक्यात अशी. शंकर (अशोककुमार) वाड्यात राहावयास येतो. वाड्याच्या मृत धन्याची व त्याच्या प्रेयसीची, कामिनीची, करुण कहाणी माळी त्याला ऐकवतो. थोड्याच वेळात त्या धन्याची तसबीर शंकरच्या दृष्टीस पडते. पाहतो तो, चेहरा हुबेहूब त्याचाच! मग कामिनीचे पिशाच (मधुबाला) दिसू लागते आणि शंकरचा संसार उद्ध्वस्त होतो. अखेर न्यायालयात उलगडा होतो, की पिशाच वगैरे काही नव्हते. माळ्याची मुलगी आशा हीच कामिनीचे सोंग करीत होती.

आमच्या मित्राची नोंद नेमकी येथे होती: “सोंगाचा खुलासा झाला, तसबिरीचे काय?” प्रश्न बिनतोड आहे. आशेने हिंदोळा हलविला असेल, गाणे म्हटले असेल. पण शंकर येण्यापूर्वीच भिंतीवर असलेला त्याचा चेहरा तिने कोठून आणला? कथेने भूत न्यायालयात आणून खोटे ठरविले आणि तसबीर मात्र साक्षीला बोलावलीच नाही.

या चित्रपटाचे संकलक बिमल रॉय होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी १९५८ साली ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. त्यातही मृत प्रेयसीशी साम्य असलेली स्त्री तिचे सोंग घेते; परंतु तेथे पुनर्जन्म आणि प्रेतात्मा हे कथेचे मान्य सत्य आहे. त्यामुळे ‘मधुमती’चा हिशेब चोख जुळतो. तरीही चित्रपट संपल्यावर मनात रेंगाळते ती ‘महल’चीच न जुळलेली बाकी. बुद्धीने दार लावून घेतले असता एक झरोका उघडा राहावा, तशी ती तसबीर आहे. तिला दोष म्हणावयाचे तर तो या कलाकृतीच्या प्राणाशी निगडित झालेला दोष आहे. तो काढू गेल्यास ‘महल’ ही केवळ एका फसवणुकीची कथा उरेल.

दुसरी विसंगती मात्र पडद्यामागील आहे, आणि तिला इतक्या सहज क्षमा करवत नाही.

शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वांना अशरीरिणी वाणी ऐकू येते. ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’ या गीताची जातकुळी तीच. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या या गीताचा आरंभ दुरून जवळ येतो, याचे रहस्य लताबाई मंगेशकरांनी अनेकदा सांगितले आहे. ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी होता. त्या कोपऱ्यात उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात, पावलापावलाने त्याच्याकडे आल्या. यंत्राची करामत हाताशी नसता मास्टर दीनानाथांच्या विशीच्या उंबरठ्यावरील कन्येने ते अंतर अक्षरशः चालून काढले.

आणि या गीताची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’! पडद्यावरील पात्राचे नाव घालण्याची तेव्हा रीतच होती. पण रीत म्हणून अन्याय सौम्य होत नाही. कथेत जी केव्हाच मेलेली, जिचे पिशाचही शेवटी खोटे ठरते, तिच्या नावावर एका जिवंत कंठाचे श्रम जमा झाले! श्रोत्यांनी ‘ही गाते कोण?’ म्हणून आकाशवाणीकडे विचारणा केली आणि मग खरे नाव पुढे आले, अशी हकीगत सांगितली जाते.

आपल्यापैकी पुष्कळांचा जन्म दुसऱ्याच्या सहीखाली जाणारे मसुदे लिहिण्यात जातो, त्यामुळे ही मुद्रिका मला चित्रपटाहून अधिक अस्वस्थ करते. आपल्या मसुद्यांत अमर असे काही नसते, तेव्हा आपली तक्रार नाही. तो स्वर मात्र अमर होता. तसबिरीचे रहस्य उकलू नये, त्यातच तिचे सौंदर्य आहे. माणसाचे नाव ही रहस्याची वस्तू नव्हे. चुका शोधणाऱ्यांनी विझलेल्या मेणबत्त्या अवश्य मोजाव्यात. पण श्रेयनामावलीत कोणाचे नाव विझले आहे, तेही एकदा पाहावे.