सूरजागडच्या भाषेत संगणक

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड लोहखनिज खाणीचे उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यावर पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. ती झाली गडचिरोलीत, खाणीच्या डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाच्या आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. महाराष्ट्रात याचा अर्थ मराठी असाच घेतला जातो. खाणीभोवतीच्या गावांत चुलीपाशी, गोटुलात, ग्रामसभेत बोलली जाते ती माडिया, गोंडीचे एक रूप. नाल्यात काय उतरेल, धूळ किती दूर जाईल, ठाकूरदेव या दैवताच्या डोंगराचे काय होईल हे प्रश्न ज्यांच्या जगण्याचे, त्यांच्या भाषेत असा कागद काढण्याची रीत आपल्याकडे नाही.

त्याच वर्षी, सुनावणीच्या तीन महिने आधी, केंद्र सरकारने ‘भाषिणी’ ही योजना सुरू केली होती. भारतीय माणसाला संगणकाशी आपल्या भाषेत बोलता यावे, सरकारी माहिती आपल्या भाषेत ऐकता यावी, हे तिचे वचन. गेल्या काही वर्षांत भारतीय भाषांच्या संगणनात झालेले काम खरोखरच मोठे आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण या शाखेची आजची अवस्था तपासायची तर ती बेंगळुरूच्या परिषदेत किंवा पुण्याच्या कंपनीत बसून तपासू नये. सूरजागडच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले की तिची सीमा नेमकी कुठे आहे ते दिसते.

ती सीमा तंत्रज्ञानाने आखलेली नाही. मद्रास आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २०२३ मध्ये ‘इंडिकट्रान्स२’ हे भाषांतराचे प्रारूप खुले केले. त्यासाठी सुमारे २३ कोटी वाक्यजोड्यांचा साठा उभा केला. भाषा किती घेतल्या? बावीस, म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत तेवढ्याच. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा नोंदवणारे २४,८२१ लोक होते, बोडोचे सुमारे १४.८ लाख, मणिपुरीचे १७.६ लाख, डोगरीचे जवळपास २६ लाख. या चारही भाषा त्या बावीसांत आहेत. गोंडी नोंदवणारे २९.८ लाख होते, त्यात माडिया आणि मुरियाही धरलेल्या. गोंडी त्या बावीसांत नाही. संथाळी आणि बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आल्या आणि वीस वर्षांनी आपोआप यंत्रातही आल्या. एका राजकीय यादीला संशोधकांनी विज्ञानाची यादी म्हणून स्वीकारले. निधी त्या यादीप्रमाणे येतो, कसोटीचे संच तिच्याप्रमाणे बनतात, मग शोधनिबंधही तिच्याप्रमाणेच लिहिले जातात. गूगलने जून २०२४ मध्ये आपल्या भाषांतर सेवेत ११० भाषांची भर घातली. त्यात तुळू, खासी, कोकबोरोक आल्या. गोंडी तिथेही नव्हती.

हे नवे नाही. सी-डॅकने १९८८ साली पुण्यात काम सुरू केले, इस्की संकेतप्रणाली आणि इनस्क्रिप्ट कळफलक त्याच काळातले, आणि युनिकोडमधल्या देवनागरीचा पाया इस्कीवरच उभा राहिला. मुंबई आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी आणि मराठी शब्दजाल (वर्डनेट) बांधले. या पायाभूत कामाशिवाय आज मोबाइलवर मराठी टंकता आली नसती. त्या पिढीपुढचा प्रश्न अक्षरे पडद्यावर कशी आणायची हा होता, आणि देवनागरीत लिहिली जाणारी प्रत्येक भाषा त्यात आपोआप सामावली. लिपीचा प्रश्न सुटला म्हणजे भाषेचा सुटला, असा समज तिथूनच रुजला असावा.

गोंडीच्या बाबतीत तर लिपीकडे जरा जास्तच लक्ष गेले, असे माझे मत आहे. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली. आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांची लिपी त्यापाठोपाठ २०१८ मध्ये आली. या दोन्हींचे सांस्कृतिक मोल वादातीत आहे, अस्मितेसाठी त्या हव्यातच. पण एटापल्ली-भामरागडकडे जी थोडी माडिया लिहिली जाते ती देवनागरीत, आणि वापरली जाते ती जवळजवळ सगळी तोंडाने. तिथल्या माणसाला संगणकाकडून हवा आहे तो कान.

तो कान देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न शेजारच्या छत्तीसगडमध्ये झाला. पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या फोनवरून एक क्रमांक लावायचा, आपली बातमी किंवा तक्रार आपल्या बोलीत सांगायची, ती इतरांनी फोनवरच ऐकायची. इंटरनेट नको, वाचता येण्याची अट नको. पुढे याच मंडळींनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या संशोधकांबरोबर गोंडीसाठी सामग्री गोळा करायला घेतली. अनेक राज्यांतल्या गोंडी भाषकांना एकत्र बसवून शब्दकोश केला, मुलांच्या गोष्टी गोंडीत आणल्या, गोंडी मजकूर वाचून दाखवणारे अ‍ॅप काढले. गोंडीचा स्वतःचा कृत्रिम आवाज नसल्यामुळे त्यात हिंदीचा आवाज वापरावा लागला. या साऱ्याचा हिशेब त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला: १२ हजारांहून थोडी कमी भाषांतरित शब्द-वाक्ये आणि पुढेही मदत करतील असे ६५० हून अधिक लोक.

अनुसूचित भाषांच्या २३ कोटींसमोर हे १२ हजार ठेवले की या क्षेत्रातले बरेच जण खांदे उडवतात. मला मात्र त्यातला ६५० हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सामग्रीबरोबर ती देणारी माणसेही मोजणारे आणि ती माणसे परत लागणार आहेत हे गृहीत धरणारे काम आपल्याकडे फार थोडे आहे. शिवाय ज्यांनी शब्द दिले त्यांना लगेच काहीतरी हाती मिळाले: गोष्टी, शब्दकोश, ऐकता येईल असे अ‍ॅप. पाच वर्षांनी यंत्र तयार होईल तेव्हा उपयोग होईल, या आश्वासनावर त्यांना ठेवले नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’चे प्राथमिक रूप खुले केले. दिल्ली आयआयटीच्या पुढाकाराने झालेल्या या भाषांतर-अ‍ॅपमध्ये संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषा आहेत. गोंडी अखेर यादीत आली, तीही अनुसूचीची वाट न पाहता, म्हणून हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण तपशील वाचला की सूरजागडच्या दृष्टीने दोन मोठ्या अडचणी दिसतात. ही गोंडी छत्तीसगडची आहे. झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मेघालय या राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्था या कामात सहभागी आहेत. पुण्यात १९६२ पासून असलेली महाराष्ट्राची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था त्या यादीत नाही. देशातल्या भिली आणि गोंडी भाषकांचा मोठा हिस्सा ज्या राज्यात राहतो, ते राज्य त्याच दोन भाषांच्या प्रकल्पात मागे राहते, याचा जाब कुणीतरी विचारायला हवा. दुसरी अडचण पुलाची. अ‍ॅप हिंदी किंवा इंग्रजीतून या भाषांत आणि उलट भाषांतर करते. एटापल्लीच्या दवाखान्यातली परिचारिका मराठी, समोरची बाई माडिया. त्यांच्यामध्ये यंत्र आणायचे तर दोघींनाही हिंदीवरून जावे लागणार. प्रत्येक वळणावर थोडा अर्थ सांडतो, आणि औषधाच्या मात्रेत सांडलेला अर्थ महागात पडतो.

छत्तीसगडच्या गोंडीवर शिकलेले यंत्र गडचिरोलीत चालणार नाही का? थोडे चालेल. गोंडी ही एक भाषा असली तरी तिची रूपे दूरवर पसरलेली आहेत. भाषाशास्त्रज्ञ टी. बरो आणि एस. भट्टाचार्य यांनी १९६० मध्ये गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हाच हा पसारा समोर आला होता. उत्तर-पश्चिमेकडे शब्दाच्या आरंभी येणारा ‘स’ काही बोलींत ‘ह’ होतो आणि काहींत गळून जातो. आवाज ओळखणाऱ्या यंत्रासाठी हा फरक किरकोळ नसतो. मुळात सामग्री तुटपुंजी असली की शब्दाचे पहिलेच व्यंजन बदलल्यावर तो शब्द त्याला नवा वाटतो. त्यात गोंडी द्राविड कुळातली, क्रियापदाला प्रत्यय चिकटत जाणारी. एका धातूची शेकडो रूपे होतात आणि १२ हजार शब्द-वाक्यांत त्यातली मूठभरच भेटतात. उसने शब्दही वेगळे: सिरोंचाकडे तेलुगू, इकडे मराठी, पलीकडे हिंदी आणि हलबी. यावर उपाय म्हणून सर्व बोलींची मिळून एक प्रमाण गोंडी घडवावी असा विचार होतो. शिक्षणासाठी आणि राज्यांपलीकडच्या संवादासाठी त्याची गरज मी समजू शकतो. ऐकणाऱ्या यंत्रासाठी मात्र तो चुकीचा उपाय आहे. माणूस आजारी असताना प्रमाण भाषेत कण्हत नाही.

म्हणून मला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पाची पद्धत जास्त पटते. गूगलच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पाने भाषांची यादी धरली नाही, जिल्हे धरले: ७७३ जिल्ह्यांतून दीड लाख तास बोलणे नोंदवण्याचे उद्दिष्ट. जिल्ह्यात जे बोलले जाते ते घ्यायचे, त्याला नाव काय द्यायचे ते नंतर पाहू. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगडी, हलबी आणि मराठी शेजारी नांदतात, आणि एकाच वाक्यात त्यातल्या दोन-तीन येतात. तिथे हाच मार्ग खरा.

कसोट्यांची स्थिती सामग्रीच्या स्थितीहून वाईट आहे. भाषांतर-यंत्रे तपासण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘फ्लोरेस’ संच ३,००१ वाक्यांचा आहे, आणि ती वाक्ये इंग्रजीतल्या विकिमीडिया प्रकल्पांतून घेतलेली: बातम्या, मुलांसाठीची माहिती, प्रवासवर्णने. मेटाने २०२३ मध्ये एक हजाराहून अधिक भाषांचे बोलणे ओळखणारे प्रारूप आणले; त्याचा मोठा आधार होता नव्या कराराची ध्वनिमुद्रित वाचने. सामग्री मिळेल तिथून घ्यावी लागते, यात संशोधकांचा दोष नाही. पण बायबलचे संथ, एकसुरी वाचन ऐकून शिकलेल्या यंत्राला हिवतापाने थरथरणाऱ्या मुलाची आई काय सांगते ते कळेल, असे मानायला आधार नाही. गोंडी-माडियासाठी कसोटी हवी ती इथली: ताप किती दिवसांचा, वनहक्क दाव्याचा नकाशा चुकला कुठे, तेंदूच्या पुड्याला भाव काय ठरला, खाणीच्या ट्रकची धूळ धानावर बसते त्याची तक्रार कुठे करायची. अशी पाचशे वाक्ये, वेगवेगळ्या गावांतल्या बायका-पुरुषांच्या तोंडची, नीट तपासलेली, कुठेही गेली तरी मोजपट्टी म्हणून वापरता येतील. असे काम परिषदेत झळकत नाही. त्याला पदवी मिळत नाही, बढती मिळत नाही, आणि म्हणून ते होत नाही. संगणन-संशोधनाच्या बक्षीस-व्यवस्थेवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

महाराष्ट्रात हे करणे शक्य नाही असे कुणी म्हणू नये. पुण्यातल्या ‘एल३क्यूब’ गटाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून मराठीसाठी ‘महाकॉर्पस’ आणि ‘महाबर्ट’ उभे केले आणि सगळे खुले ठेवले. बड्या कंपन्यांची वाट न पाहता झालेले हे काम मराठी संगणनातल्या गेल्या दशकातल्या उत्तम कामांपैकी एक आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात चंद्रपूर-गडचिरोलीची मुले शिकतात, त्यांत माडिया घरांतली मुलेही आहेत. त्यांना संगणकशास्त्र शिकवताना प्रकल्प म्हणून ग्रंथालयाची नोंदणी-प्रणाली किंवा हॉटेलचे बिलिंग करायला लावणे थांबवून आपल्या आजीचे बोलणे यंत्राला शिकवायला लावले, तर त्या मुलांइतके जाणकार दिल्लीतही सापडणार नाहीत. माहिती-तंत्रज्ञानाचा पेशा या मुलांना आज गाव सोडण्याचे तिकीट म्हणूनच दाखवला जातो. भाषेची जाण ही त्या पेशातली व्यावसायिक पात्रता मानली, तर हिशेब बदलेल.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. गडचिरोली हा दशकानुदशके सशस्त्र संघर्ष पाहिलेला जिल्हा आहे. माडिया ओळखणारे यंत्र दवाखान्यात उपयोगी पडते, तसेच ते फोन ऐकायलाही उपयोगी पडते. शंभर-दीडशे घरांच्या गावात आवाजावरून माणूस ओळखता येतो. नाव पुसून टाकले की ध्वनिमुद्रण निनावी झाले, हा शहरी संशोधकाचा भ्रम आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा एकट्या व्यक्तीच्या संमतीचा विचार करतो. गाणी, कथा, झाडपाल्याचे ज्ञान हे साऱ्या गावाचे असते, त्याबद्दल तो काही बोलत नाही.

मात्र दुसरा एक कायदा बोलतो, आणि भाषा-संगणनातल्या लोकांनी तो वाचलेला दिसत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित बौद्धिक संपदा व पारंपरिक ज्ञान यांवर समूहाचा हक्क मान्य केला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये याच कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना स्वतः देण्यापर्यंत मजल मारली. ज्या ग्रामसभा बांबूचा लिलाव करतात, ठराव लिहितात, हिशेब मांडतात, त्या आपल्या ध्वनिमुद्रणांच्या अटीही लिहू शकतील. न्यूझीलंडमध्ये ‘ते हिकू मीडिया’ या माओरी नभोवाणीने २०१८ मध्ये लोकांना आवाहन करून दहा दिवसांत तीनशेहून अधिक तासांचे माओरी वाचन जमवले, आवाज ओळखणारे यंत्र स्वतः बांधले, आणि सामग्री परक्या कंपन्यांच्या हाती न देता राखणदारीच्या परवान्याखाली ठेवली. माओरींकडे जी नभोवाणी होती तिच्या जागी इथे ग्रामसभा आहे, आणि तिला कायद्याचा आधार माओरींपेक्षा कमी नाही.

ठराव साधा असू शकतो: आवाज गावाचा, वापर आरोग्य, शिक्षण आणि ग्रामसभेच्या कामासाठी, पोलिस किंवा खाणकंपनीला द्यायचा तर ग्रामसभेची लेखी परवानगी, गाव म्हणेल तेव्हा परत, आणि यंत्र तयार झाले की ते नेटवर्कविना फोनवर चालेल अशा रूपात पहिल्यांदा गावाला. यातली शेवटची अट पुरी करणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही, लहान प्रारूपे साध्या फोनवर बसू लागली आहेत. पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा पाचशे पानांचा अहवाल माडियात ऐकवणारे आणि माडियातला आक्षेप शब्दशः नोंदवणारे साधन सभेत असावे, त्याची चाचणी आधी सूरजागड इलाख्याच्या ग्रामसभेने घेतलेली असावी, आणि यंत्राने चुकीचे ऐकले असे ग्रामसभा म्हणाली तर तिचेच म्हणणे नोंदीत राहावे.