जागं केलं की जागा झाला?

गोदावरी परुळेकरांवरचा एखादा रील किंवा जयंतीची पोस्ट बघा. 'गोदूताईंनी वारल्यांना जागं केलं' या धर्तीचं वाक्य बहुतेकदा सापडतंच. पण त्यांच्या १९७० च्या पुस्तकाचं नाव आहे 'जेव्हा माणूस जागा होतो'. होतो. कुणी करत नाही. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाचं क्रियापद आपण परस्पर बदलून टाकलंय.

नेतृत्व हा कुणाच्या अंगचा गुण नसतो, ते लोकांच्या बोलण्यातून घडतं, असं सामाजिक रचनावाद मांडतो. जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'नेतृत्वाचा रोमान्स' असा शब्द वापरला. गुंतागुंतीच्या घटनेचं कारण उलगडेना, की आपण ते एका चेहऱ्याच्या नावावर टाकून मोकळे होतो.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ बंद करायचं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पुन्हा मोठा जमाव आला. 'गोदाराणी येणार' असा निरोप पसरला होता. किसान सभेच्या म्हणण्याप्रमाणे तो जमीनदारांनीच पसरवला होता. गोदावरी तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले.

लेखकाचं नाव माणसापासून सुटून स्वतःच काम करू लागतं, असं फुकोने १९६९ मध्ये दाखवलं. तलवाड्यात नेत्याच्या नावाचं तेच झालं. वारल्यांसाठी ते भरवसा होतं, जमीनदारांसाठी सापळा. सरकारसाठी ते चिथावणी होतं, म्हणून परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. तो हद्दपारीचा हुकूम आणि आजची कौतुकाची पोस्ट, दोन्हींचं व्याकरण एकच आहे : बाहेरून कुणीतरी आलं आणि यांना हलवलं.

अर्थात, 'नेता म्हणजे नुसती रचना' म्हणून थांबलो तर गोदावरींची पाड्यापाड्यांतली पायपीटही पुसली जाईल. आणि गोळ्या काही रचना नव्हत्या. पण वेठीला 'नाही' म्हणायची जोखीम ज्याची त्याला एकट्यालाच, आपापल्या जमीनदारासमोर घ्यायची होती. ती दुसरं कुणी घेऊ शकत नव्हतं. गोदावरींना हे माहीत होतं. त्यांनी ते पुस्तकाच्या नावातच लिहून ठेवलं. पुढच्या वेळी पोस्ट शेअर करताना निदान क्रियापद तरी त्यांचं ठेवूया.